हरलेल्या कुस्तीचा हिशेब

वस्ताद मंडळी, पालकहो आणि माझ्या पैलवान पोरांनो,

आज 15 जानेवारी. गोळेश्वरच्या खाशाबा जाधवांचा जन्मदिवस, म्हणूनच महाराष्ट्राचा राज्य क्रीडा दिन. आज ठिकठिकाणी त्यांच्या 1952 च्या हेलसिंकी ऑलिंपिकमधल्या कांस्यपदकावर भाषणं होतील. मला बोलायचंय ते पदकाच्या आधीच्या चार वर्षांवर. कारण इथं बसलेली निम्मी पोरं आत्ता त्याच चार वर्षांत आहेत. जत्रेत कुस्त्या मारल्या, पंचक्रोशीत नाव झालं आणि जिल्ह्याच्या निवड चाचणीत पहिल्याच फेरीत बाहेर पडले. मग पोरगं तालमीकडं फिरकत नाही. घरचे म्हणतात, नशीब नाही. वस्ताद म्हणतात, मेहनत वाढव. दोघांनाही मी विचारतो, कुस्ती नेमकी कुठं गेली ते बघितलंत का?

1948 साली खाशाबा लंडन ऑलिंपिकला गेले. वय 22. प्रवासाचा खर्च कोल्हापूरच्या महाराजांनी उचलला होता. फ्लायवेट या सगळ्यात हलक्या वजनगटात ते सहावे आले. सहाव्याला कोण विचारतो? पण हा पैलवान आयुष्यभर लाल मातीत खेळलेला होता. मॅट आणि आंतरराष्ट्रीय नियम, दोन्ही त्याला नवे होते.

याचा अर्थ नीट समजून घ्या. मातीतलं पोरगं पहिल्यांदा मॅटवर उतरतं तेव्हा काय होतं, ते मी रोज बघतो. सलामी झाली की त्याचा हात आपोआप खाली जातो, माती उचलायला. हौद्यात, म्हणजे मातीच्या आखाड्यात, घामानं पकड निसटायला लागली की आपण मूठभर माती समोरच्याच्या अंगावर टाकतो. मॅटवर ती नाही. हात रिकामा वर येतो आणि त्या क्षणात समोरच्यानं एकेरी पट काढलेला असतो, म्हणजे एक पाय धरून खेचलेला असतो. मातीत पाय थोडा रुततो, त्याचा आधार मिळतो. मॅटवर बूट असतात, पाय पटकन सरकवावा लागतो. हौद्यात आपण अंदाज घेत, खांद्याला खांदा लावून वाट बघू शकतो, कारण निकाल चितपटीवर. मॅटवर घड्याळ चालू असतं. आत्ताच्या नियमात तीन-तीन मिनिटांची दोन सत्रं, रेषेबाहेर पाय गेला की गुण गेला, आणि नुसता बचाव करत राहिलात तर पंच ताकीद देतात. दहा गुणांची आघाडी झाली की खेळ तिथंच संपला. आपला पोरगा अजून रंगात यायचा असतो.

आता सांगा, अशा हरलेल्या पोराला आणखी पाचशे बैठका मारायला लावून काय होणार? त्याच्या मांड्यांत ताकद आहेच. त्याला पट अडवायला शिकवा. कंबर मागं टाकून छाती समोरच्याच्या पाठीवर कशी दाबायची, ते रोज जोडीदार बदलून करून घ्या. कंटाळवाणं काम आहे. जत्रेत त्याला टाळ्या पडत नाहीत. पण कुस्ती तिथंच गेली होती.

खाशाबांनी हेच केलं. लंडनमध्ये रीस गार्डनर या अमेरिकन प्रशिक्षकाकडून त्यांना मॅटवरच्या कुस्तीचे धडे मिळाले. आपला ढाक, म्हणजे मान आवळून समोरच्याला आपटायचा डाव, त्यांनी सोडला नाही, तो नव्या नियमांत बसवला. आणि वरच्या वजनगटात, बँटमवेटमध्ये, तयारी केली. सहाव्या क्रमांकावरचा माणूस जास्त वजनाच्या गड्यांशी लढायला निघतो, याला मी हिंमत म्हणतो. पण त्या हिंमतीला अभ्यासाची जोड होती.

पुढचा अडथळा मात्र अभ्यासानं सुटणारा नव्हता. 1952 च्या निवडीत आपल्यावर अन्याय झाला, अशी त्यांची तक्रार होती. ते घरी रुसून बसले नाहीत. त्यांनी थेट भारतीय ऑलिंपिक संघटनेच्या अध्यक्षांकडे, पतियाळाच्या महाराजांकडे, दाद मागितली, पुन्हा लढत मिळवली आणि ती जिंकली. मग पैशांचा प्रश्न. गावानं वर्गणी काढली, आणि राजाराम कॉलेजच्या प्राचार्यांनी स्वतःचं घर गहाण टाकून 7000 रुपये उभे केले. पालकहो, हे लक्षात घ्या. पैलवान एकटा टिकत नाही. निवडीबद्दल शंका असेल तर नियम वाचा, लेखी अर्ज करा, पोराच्या बाजूनं उभे राहा. त्याला नुसतं 'सगळी सेटिंग असते' असं सांगितलंत, तर तो खरोखर जिथं कमी पडला तेही कधी बघणार नाही.

हेलसिंकीत ते कॅनडा, मेक्सिको, जर्मनीच्या पैलवानांना हरवत पुढं गेले. जपानच्या शोहाची इशीकडून हरले, सोव्हिएत पैलवानाकडूनही हरले, आणि तिसरे आले. स्वतंत्र भारताचं हे पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक. त्यानंतरचं वैयक्तिक पदक यायला 1996 उजाडलं.

इथं भाषण थांबवलं तर गोष्ट फार गोड होईल. पण 1956 च्या मेलबर्नला खाशाबा जाऊ शकले नाहीत. गुडघा दुखावला होता. एवढा जिद्दीचा गडी, पण गुडघ्यापुढं त्याचंही चाललं नाही. म्हणून मला 'जिद्द असेल तर सगळं होतं' हे वाक्य पोरांसमोर बोलवत नाही. काही वेळा होत नाही. आपल्या पाटोद्याचा पैलवान राहुल आवारे घ्या. 2018 ला राष्ट्रकुल स्पर्धेत सुवर्ण, 2019 ला जागतिक स्पर्धेत 61 किलो गटात कांस्य. ऑलिंपिकला जायचं मात्र राहिलं. ते राहिलं म्हणून त्याची कुस्ती कमी ठरत नाही. हे मी अगदी मनापासून सांगतो.

आता गुडघ्याचा विषय निघालाच आहे तर एक शेवटची गोष्ट, आणि ही मी हात जोडून सांगतोय. आपल्याकडं दुखापत लपवायची फार वाईट खोड आहे. मैदान तोंडावर आलं की पोरगं सुजलेल्या गुडघ्याला तेल लावून, पट्टी बांधून लढतं, आणि आपण त्याला मर्द म्हणतो. असं करू नका. गुडघा मुरगळला, आतून कट्ट असा आवाज आला, काही तासांत सूज चढली, तर त्या दिवशी तालीम बंद. हाडाच्या डॉक्टरला दाखवायचं, आणि गुडघ्यातलं लिगामेंट फाटलंय का याची खात्री होईपर्यंत पकड धरायची नाही. शस्त्रक्रिया लागली तर परत लढतीला उतरायला बहुतेकदा नऊ महिने ते वर्ष जातं. तेवढा काळ पोराचं तालमीत येणं तोडू नका. त्याला हौद्याच्या कडेला बसू द्या, लहान पोरांचे डाव बघू द्या, लढतींचं चित्रीकरण करू द्या. डॉक्टरांनी परवानगी दिली की आधी हलका व्यायाम, मग डावांचा नुसता सराव, मग ओळखीच्या जोडीदाराशी हलकी झोंबी. खुली लढत सगळ्यात शेवटी, आणि तीही वस्तादांनी 'हो' म्हटल्यावरच.