तिसरा गोल आला की

नमस्कार श्रोतेहो. अंबाबाईचा किरणोत्सव कोल्हापूरकरांना नवा नाही. नोव्हेंबरात आणि जानेवारीअखेर मावळतीचे किरण गाभाऱ्यात शिरतात, त्या तारखा ठरलेल्या. ढग किंवा एखादी नवी इमारत आडवी येईल, पण सूर्य वेळ चुकवत नाही. पृथ्वी आणि सूर्य, एवढ्या दोघांचंच गणित असतं तर न्यूटननं ते केव्हाच सोडवून ठेवलंय.

तिसरा गोल, म्हणजे आणखी एखादा ग्रह किंवा चंद्र, आला की मात्र नेमकं उत्तर देणारं सोपं सूत्र हाती लागत नाही. मग एकच वाट. आत्ता गुरुत्वाकर्षणानं कोण कुणाला किती ओढतंय ते काढायचं, सगळ्यांना थोडं पुढं सरकवायचं, पुन्हा ओढ काढायची. संगणक हेच करतो, न कंटाळता.

१९१३ मध्ये बुराऊ नावाच्या अभ्यासकानं हे हातानं करून बघितलं. शाळेतला ३, ४, ५ बाजूंचा काटकोन त्रिकोण घेतला, प्रत्येक कोपऱ्यावर समोरच्या बाजूच्या आकड्याएवढ्या वस्तुमानाचा गोल ठेवला आणि तिघांना स्थिर स्थितीतून सोडून दिलं. हातानं हिशोब फार पुढं गेला नाही. शेवट कळला १९६७ मध्ये, संगणकावर. बराच वेळ एकमेकांभोवती झुंजल्यावर ४ आणि ५ ची जोडी जमली आणि बिचारा ३ कायमचा बाहेर फेकला गेला!

घरी संगणकावर हे करू पाहणाऱ्या विद्यार्थ्यांनी एक जपावं. दोन गोल अगदी जवळ आले की ओढ प्रचंड वाढते. तिथं पुढं सरकवण्याचं पाऊल मोठं पडलं तर गोल खोट्या वेगानं उधळतात, आणि पडद्यावर ते फार झकास दिसतं! म्हणून एकूण ऊर्जा तपासत राहा. ती बदलत असेल तर तुमचं चित्र खोटं आहे.

पण गणित चोख असलं तरी सुरुवातीची बारीक चूक फुगत जातेच. फ्रान्सचे खगोलशास्त्रज्ञ जाक लास्कार यांच्या हिशोबानं पृथ्वीची आजची जागा १५ मीटरनं चुकली, तर १० कोटी वर्षांनी ती कक्षेत कुठं असेल ते सांगता येत नाही. म्हणून २००९ मध्ये त्यांनी आणि गास्तिनो यांनी सूर्यमालेची पुढची ५०० कोटी वर्षं संगणकावर सुमारे २५०० वेळा चालवली. दर वेळी बुधाच्या सुरुवातीच्या स्थितीत फरक एक मीटरहूनही कमी. त्यातल्या साधारण एक टक्का वेळा बुधाची कक्षा इतकी लांबट झाली, की तो शुक्रावर किंवा सूर्यावर आदळू शकेल.