शेवटची काळी केबल कुठे लावायची?

नमस्कार श्रोतेहो. सेल्फ मारला, नुसतं टिक टिक वाजलं आणि डॅशबोर्डचे दिवे मंदावले, की बहुतेक वेळा बॅटरी उतरलेली असते. पूर्वी चौघांनी धक्का मारला की भागायचं. ऑटोमॅटिक गाडी धक्क्याने सुरू होत नाही, तिला जंपर केबलच लागते, म्हणजे दुसऱ्या गाडीच्या बॅटरीतून वीज आणणाऱ्या चिमटे लावलेल्या लाल आणि काळ्या वायरी.

माळशेज घाटात पाहिलेला प्रसंग सांगतो. जुलैचा रविवार, दाट धुकं. एक कुटुंब गाडीत मोठ्याने गाणी लावून धबधब्यात उतरलं होतं. हे मला मुळीच पटत नाही. पाण्याचा आवाज ऐकायला एवढ्या लांब यायचं आणि तोच बुडवायचा! तर, मंडळी परत आली तेव्हा गाडी ठप्प. शेजारी ओतूरहून कांदा घेऊन निघालेला ट्रक उभा होता. कुणीतरी उत्साहाने केबल काढली, "ट्रकची बॅटरी मोठी, झटक्यात चालू होईल." टपरीवरून ट्रकचा ड्रायव्हर ओरडतच आला, "हात लावू नका सायेब! माझी गाडी चोवीस व्होल्टची, तुमची बाराची. कॉम्प्युटर जळंल तुमचा!"

अगदी खरं होतं ते. मोठ्या ट्रकमध्ये बारा व्होल्टच्या दोन बॅटऱ्या एकापुढे एक जोडलेल्या असतात. त्या ड्रायव्हरनेच मग एक काळी-पिवळी जीप थांबवली, बारा व्होल्टचीच आहे ना ते विचारून घेतलं आणि दोन्ही गाड्या बंद करायला लावल्या. बॅटरीच्या टर्मिनलवरचा, म्हणजे केबल लावायच्या टोकांवरचा, पांढरट-हिरवा थर फडक्याने पुसला. लाल केबल आधी उतरलेल्या बॅटरीच्या प्लसला, दुसरं टोक जीपच्या प्लसला. काळी जीपच्या मायनसला. उरलेलं काळं टोक हातात धरून तो इंजिनवरचा उघडा, रंग नसलेला बोल्ट शोधत राहिला. कुणी म्हणालं, "मायनस समोरच आहे की." तो म्हणाला, "बॅटरीतनं ग्यास निघतो. ठिणगी तिथं नको." जीप सुरू केली, थोडा वेळ थांबला, मग गाडीला सेल्फ मारायला सांगितला. लागली!

तो गॅस म्हणजे हायड्रोजन, ठिणगीने पेट घेणारा. म्हणून पुन्हा सांगतो, शेवटची काळी केबल बॅटरीला नाही, इंजिनच्या उघड्या धातूला. काढताना बरोबर उलट, इंजिनवरची काळी सगळ्यात आधी. स्टार्ट-स्टॉपवाल्या, म्हणजे सिग्नलला इंजिन आपोआप बंद-चालू होणाऱ्या, बऱ्याच गाड्यांत मायनस टर्मिनलवर सेन्सर असतो, त्यामुळे तिथे चिमटा लावायचाच नाही. गाडीच्या पुस्तकात अर्थिंगची, म्हणजे हा काळा चिमटा लावायची, जागा दाखवलेली असते, ते पुस्तक प्लॅस्टिकमधून बाहेर काढा. बॅटरी फुगली किंवा तडकली असेल तर केबल लावूच नका, मेकॅनिकला बोलवा.

बॅटरी सोडवायची असेल तर इग्निशन बंद करून काही मिनिटं थांबा, गाडीचे कॉम्प्युटर झोपू द्या. आधी मायनस सोडवा, जोडताना मायनस शेवटी. आधी मायनस! कारण प्लस सोडवताना पाना बॉडीला टेकला आणि मायनस जोडलेला असेल, तर तिथेच शॉर्टसर्किट. चालू इंजिनवर टर्मिनल कधीही काढू नका, बॅटरी चार्ज करणाऱ्या अल्टरनेटरचा व्होल्टेज उसळून कंट्रोल युनिट, म्हणजे गाडीचा कॉम्प्युटर, जाऊ शकतं. बॅटरी डिकीत असेल तर डिकी उघडीच ठेवा, कारण तिचं कुलूपही याच बॅटरीवर चालतं.