रंग बघा, पण वशिंड आधी बघा

राम राम मंडळी! आज गुरांच्या रंगावर बोलूया. एक गोष्ट आत्ताच ध्यानात ठेवा, रंग बघा पण वशिंड, म्हणजे खांद्यावरचा उंचवटा, आधी बघा.

खिलार जात सगळ्यांना माहितीय, सांगली-सोलापूरकडची, पांढरी. पण वासरू जन्मतं तेव्हा डोक्यावर तांबूस झाक असते, दोनेक महिन्यात जाते, तेव्हा घाबरू नका. वळू वयात आला की मान आणि वशिंड काळवंडतं, खच्ची केला की परत उजळतो. डांगी अकोले-इगतपुरीची, पांढऱ्यावर काळे नाहीतर तांबडे ठिपके, कातडी तेलकट, म्हणून तिथल्या धो धो पावसात टिकते. नांदेडकडची कंधारी गडद लाल.

आता देवणी, लातूरची. मामासोबत मी हाळी हंडरगुळीच्या बाजारात गेलो होतो, मामाचा गोऱ्हा दोन दाती, म्हणजे ऐन तरणा, पांढऱ्या अंगावर वेडेवाकडे काळे ठिपके, बघत राहावं असा. एक गिऱ्हाईक आलं लांबून, दलालानं रुमाल टाकला, रुमालाखाली बोटं धरून भाव सुरू झाला आणि मधेच त्या माणसानं हात काढून घेतला, म्हणाला हा तर एचएफचा, म्हणजे विदेशी होल्स्टीन गाईचा, क्रॉस दिसतोय, मला गावरान पाहिजे. मला वाटलं मामा आता भडकणार! मामानं नुसता त्याचा हात धरला आणि गोऱ्ह्याच्या वशिंडावर ठेवला. "दाबून बघा पाव्हणं. क्रॉसला असलं वशिंड असतंय का?" मग गळ्याखालची पोळी, म्हणजे लोंबती कातडी, हातात दिली, मग लांब, खाली लोंबणारा कान दाखवला. म्हणाला, देवणीत तीन रंग, पांढरं अंग आन् तोंडाच्या बाजूला काळं तो वानेरा, पांढऱ्यावर पोटाकडं काळे ठिपके तो बालांक्या, आन् अंगभर असे वेडेवाकडे काळे ठिपके तो शेवरा, ह्यो शेवरा हाय. तो माणूस गोऱ्ह्याभोवती दोन चकरा मारून आला, परत रुमालाखाली हात घातला आणि तिथंच इसार दिला.

हल्ली मोबाईलवर फोटो बघून बैल घेतात, मला हे बिलकुल पटत नाही. फोटोत चाल दिसते का? खूर दिसतो का? आणि कॅलेंडरवर कायम पांढरीच गाय, चित्रकारांनी एकदा तरी शेवरा काढावा ना.

तर परत सांगतो, रंग बघा, पण वशिंड आधी बघा. जनावराच्या कानात ओळखीचा 12 आकडी बिल्ला मारायला माणूस घरी येतो ना, तेव्हा जवळ उभे राहा, तो जात काय लिहितोय ते विचारा. ठिपके बघून संकरित लिहीत असेल तर वशिंड दाखवा, पोळी दाखवा आणि देवणी लिहून घ्या, कारण एकदा चुकीची नोंद झाली की पुढं वासरं विकताना भाव पडतो.