येऊरचा चढ आणि नाडीचे ठोके
(ठाणे येथे दिलेल्या व्याख्यानाचे संपादित शब्दांकन)

मित्रहो, आपल्यापैकी अनेकांनी अलीकडेच नियमित सायकल चालवायला सुरुवात केली आहे. त्यांपैकी बहुतेकांनी मला एकच प्रश्न विचारला आहे: उपवनाकडून येऊरचा चढ लागला की मनगटावरच्या घड्याळात १६०, १७० असे आकडे दिसू लागतात, ते हृदयाला झेपणारे आहेत का? हा प्रश्न रास्त आहे आणि त्याचे उत्तर हृदयाच्या कामाच्या पद्धतीत आहे.

विश्रांतीच्या वेळी प्रौढ माणसाचे हृदय एका ठोक्याला साधारण ७० मिलिलिटर रक्त बाहेर ढकलते; मिनिटाला ७२ ठोके धरले, तर हे रक्त सुमारे ५ लिटर होते. चढावर मांड्यांच्या स्नायूंची प्राणवायूची मागणी कित्येक पटींनी वाढते, आणि ती भागवण्यासाठी हृदय एकेका ठोक्यात अधिक रक्त ढकलू शकते किंवा ठोक्यांची संख्या वाढवू शकते. सराव नसलेल्या हृदयाला एका ठोक्यात फार रक्त ढकलता येत नाही, म्हणून ते ठोके वाढवून काम भागवते. नवख्या सायकलस्वाराचा मोठा आकडा बहुतेक वेळा एवढेच सांगत असतो.

सराव सुरू झाला की पहिल्या एक-दोन आठवड्यांतच रक्तातील द्रवाचे, म्हणजे प्लाझ्माचे, प्रमाण वाढू लागते. हृदयाचे कप्पे अधिक भरतात आणि त्याच वेगाला कमी ठोके पुरतात. स्नायूंमधील केशवाहिन्या आणि प्राणवायू वापरून ऊर्जा निर्माण करणारी मायटोकॉन्ड्रिया वाढायला मात्र त्याहून अधिक आठवडे लागतात, आणि नेमक्या याच काळात अनेकांचा धीर सुटतो. म्हणून माझे आग्रहाचे सांगणे असे, की सर्वांत मोठा आकडा किती गेला हे पाहू नका. ठरलेल्या रस्त्यावर, ठरलेल्या वेगाला, महिन्या-दोन महिन्यांनी ठोके किती उतरले ते पाहा.

मिनिटाला जास्तीत जास्त किती ठोके पडू शकतात, म्हणजे ठोक्यांची कमाल, काढण्यासाठी २२० मधून वय वजा करण्याचे सूत्र सर्वांना ठाऊक आहे. ते १९७१ सालापासून प्रचलित आहे आणि सरासरीपुरते ठीक आहे. परंतु व्यक्तीव्यक्तीत १० ते १२ ठोक्यांचा फरक सहज पडतो, काहींच्या बाबतीत त्याहूनही अधिक. पंचेचाळिशीच्या दोन निरोगी माणसांपैकी एकाची कमाल १६५ आणि दुसऱ्याची १८७ असू शकते, त्यामुळे सोबत्याच्या आकड्याशी तुलना करण्यात काही अर्थ नाही. शिवाय खडबडीत रस्त्यावर हँडल घट्ट धरले असताना मनगटावरचे घड्याळ चुकू शकते. छातीचा पट्टा अधिक भरवशाचा.

त्यापेक्षा सोपी कसोटी बोलण्याची आहे. सायकल चालवताना पूर्ण वाक्ये बोलता येत असतील, पण गाणे म्हणता येत नसेल, तर श्रम मध्यम आहेत असे समजावे. सुरुवातीच्या महिन्यांत बहुतेक फेऱ्या याच मर्यादेत असाव्यात. पाम बीच रोडसारख्या सपाट रस्त्यावर पुढच्या सायकलस्वाराला गाठण्याचा मोह होतो, आणि रोज तसे केले की थकवा साचतो, गुडघे दुखू लागतात. जागतिक आरोग्य संघटनेने आठवड्याला किमान १५० मिनिटे मध्यम श्रम सुचवले आहेत; ते पाच दिवसांत वाटले, तर रोज अर्धा तास पुरतो. चढावर गिअर हलका ठेवून पाय जलद फिरवावेत, म्हणजे मांड्यांवर आणि गुडघ्यांवर कमी ताण येतो.

आपल्या हवेचा विचार वेगळा करायला हवा, कारण थंड प्रदेशात लिहिलेली वेळापत्रके इथे जशीच्या तशी लागू पडत नाहीत. खाडीकाठच्या दमट हवेत घाम नुसता निथळतो, वाळत नाही, आणि घाम वाळल्याशिवाय शरीर थंड होत नाही. मग त्वचेकडे अधिक रक्त वळवावे लागते, घामावाटे रक्तातील द्रवही घटतो, एका ठोक्यातले रक्त कमी पडते आणि वेग तोच असूनही ठोके चढत जातात. मे किंवा ऑक्टोबरमध्ये नेहमीच्या फेरीला दहा ठोके जास्त दिसले, तर सराव वाया गेला असे मानू नये. वेग कमी करावा, पाणी प्यावे, पहाटे लवकर निघावे आणि तुलना सारख्या हवेतल्या दिवसांचीच करावी.

ज्यांना मधुमेह किंवा उच्च रक्तदाब आहे, ज्यांच्या घरात कमी वयात हृदयविकार झाला आहे, त्यांनी आधी डॉक्टरांचा सल्ला घ्यावा. छातीत आवळल्यासारखे वाटणे, जबड्याकडे किंवा हाताकडे जाणारी कळ, चक्कर, अनियमित ठोके, यांपैकी काहीही जाणवल्यास तिथेच थांबून मदत मागवावी. ‘चढ संपल्यावर बघू’ असे म्हणू नये. रक्तदाबासाठी बीटा ब्लॉकर घेणाऱ्यांचे ठोके औषधामुळेच कमी राहतात, त्यामुळे त्यांनी घड्याळातल्या आकड्यावर न विसंबता बोलण्याची कसोटी वापरावी, आणि आकडा वाढत नाही म्हणून श्रम वाढवत नेऊ नयेत.