पहाटेचे दोन सायकलवाले

(दृश्य: पहाटे साडेपाच, सिंहगड रस्ता)

खडकवासल्याच्या दिशेने सात-आठ सायकली सुसाट निघाल्यात. हेल्मेट, मागे लुकलुकणारा लाल दिवा, एकेक सायकल लाखाच्या घरातली. समोरून एक काळी सायकल येते. हँडलला डबा, कॅरिअरला गणवेशाची पिशवी. रात्रपाळी संपवून वॉचमनकाका घरी चाललेत. दिवा नाही.

(जुनी छायाचित्रं)

पूर्वी पुण्यात सगळ्यांची सायकल एकच, काळी. खडकीच्या दारूगोळा कारखान्याचा भोंगा झाला की रस्ता सायकलींनी भरून जायचा. प्राध्यापक, कारकून, कॉलेजच्या पोरी, सगळे त्याच गर्दीत. ज्याच्याकडे नाही तो तासावर भाड्याने घ्यायचा. पालिकेचा बिल्ला लागायचा. डबलसीट सापडलात की हवालदार सरळ चाकातली हवा सोडायचा आणि दोघांनी मुकाट्याने सायकल ढकलत न्यायची.

1972 मध्ये आकुर्डीहून बजाजची चेतक स्कूटर बाहेर पडली. नंबर लावून लोक वर्षानुवर्षं थांबले, यातच काय ते आलं. शहरही पसरलं. पेठेतलं बिऱ्हाड धायरीला, नोकरी हिंजवडीला; रोज वीस किलोमीटर पायडल कोण मारणार? 2018 मध्ये शहरातली वाहनं 36 लाखांवर गेली, माणसं होती 35 लाख.

पालिकेने प्रयत्न केले नाहीत असं नाही. 2006 मध्ये बीआरटी, म्हणजे बससाठी वेगळी मार्गिका आली, तिच्यासोबत सातारा रस्त्याला सायकल ट्रॅकही आले. मध्येच झाड, मध्येच विजेची डीपी, पुढे वडापावची गाडी. 2017 मध्ये अख्ख्या शहराचा सायकल आराखडा मंजूर झाला. अ‍ॅपवरच्या पिवळ्या-नारंगी सायकली आल्या आणि दोनेक वर्षांत दिसेनाशाही झाल्या. टाळेबंदीत गिअरच्या सायकलींना मात्र मागणी आली. रविवारी सिंहगड, लोणावळा. हौस आहे, व्यायाम आहे. सोमवारी ऑफिसला गाडीच.

(दृश्य: खेड्यातली सकाळ)

कामाची सायकल शोधायची तर पुण्याबाहेर पडावं लागतं. मानव विकास कार्यक्रमात राज्यातल्या 125 मागास तालुक्यांत आठवी ते बारावीच्या गरजू मुलींना सायकलीसाठी पैसे मिळतात. शाळा तीन-चार किलोमीटरवर, एसटीची वेळ जुळत नाही, आणि चालत जायचं म्हटलं की घरचे म्हणतात, राहू दे शाळा.

दोन्ही दप्तरं हँडलला, मैत्रीण मागे कॅरिअरवर. डबलसीट. इथे हवा सोडायला कुणी येत नाही.