पोस्टरवरचा ग्राफ दीड मीटरवरून वाचता येतो का?

नमस्कार! कॉलेजच्या नोटीस बोर्डावर 'आविष्कार'चं, म्हणजे महाराष्ट्रातल्या विद्यापीठांच्या संशोधन स्पर्धेचं, परिपत्रक लागलं की कमेंटमध्ये एकच मागणी सुरू होते: पोस्टरचं टेम्प्लेट द्या. रंग, चौकटी, कॉलम हे कुठल्याही टेम्प्लेटमध्ये मिळतं आणि चालून जातं. मार्क जातात ते ग्राफपाशी, म्हणून आज बराचसा वेळ ग्राफलाच देणार आहोत.

आधी पटकन मूळ गोष्टी. परिपत्रक शेवटच्या ओळीपर्यंत वाचा. बहुतेक ठिकाणी माप एक मीटर बाय एक मीटर असतं, परिषदांना ए-झीरो चालतं, म्हणजे 84.1 बाय 118.9 सेंटीमीटर. काही ठिकाणी पोस्टरवर तुमचं किंवा कॉलेजचं नाव चालत नाही, फक्त कोड नंबर लिहायचा असतो. पॉवरपॉइंट उघडलं की एक शब्दही टाइप करण्याआधी डिझाइन, स्लाइड साइज, कस्टम, आणि तिथे 100 बाय 100 सेंटीमीटर. शीर्षक 80 ते 90 पॉइंट, उपशीर्षकं 44 ते 48, मजकूर 28 ते 32. मराठीत पोस्टर करताय तर मजकूर 32च्या खाली आणू नका. वेलांटी-मात्रा वर जातात, उकार खाली जातात, त्यामुळे तेवढ्याच पॉइंटात मूळ अक्षराला जागा कमी उरते. एकूण शब्द 400च्या आत. झालं.

आता ग्राफ. एकच वाक्य वहीत लिहून घ्या: ज्या मापाला छापायचा, त्याच मापाला ग्राफ काढायचा.

एक्सेलपासून सुरू करू.

[स्क्रीनवर: एक्सेलचा ग्राफ स्लाइडवर पेस्ट होतो, कोपरा धरून ओढला जातो]

एक्सेलमधला ग्राफ कॉपी करून स्लाइडवर पेस्ट केला. छोटा दिसला म्हणून कोपरा धरून ओढला. खांब उंच झाले, चौकट मोठी झाली. आणि अक्षरं? ती होती तिथेच, 10 पॉइंटवर! पेस्ट केलेला चार्ट ओढला की चौकट वाढते, फॉन्ट वाढत नाही. बाजूला 32 पॉइंटचा मजकूर आणि ग्राफच्या अक्षावर 10 पॉइंटचे आकडे. परीक्षक दीड मीटरवर उभे असतात, त्यांना रंगीत खांब दिसतात, ते कशाचे आहेत ते कळत नाही. उपाय साधा आहे. चार्टच्या कडेवर क्लिक करून पूर्ण चार्ट निवडा, फॉरमॅटमध्ये रुंदी 40 सेंटीमीटर आणि उंची 25 टाका, मग होम टॅबमधून फॉन्ट 24 करा. सगळी अक्षरं एकदम बदलतात. 24च्या खाली काहीही ठेवू नका.

"मग स्क्रीनशॉट घेतला तर? तो ओढला की अक्षरंही मोठी होतात ना?" हे बऱ्याच जणांनी विचारलंय. होतात, पण फुटतात. हिशोब करून बघा. लॅपटॉपची स्क्रीन 1366 पिक्सेल रुंद, त्यात ग्राफने व्यापलेली जागा समजा 650 पिक्सेल. तो पोस्टरवर 40 सेंटीमीटर, म्हणजे जवळपास पावणेसोळा इंच रुंद छापला, तर इंचाला पिक्सेल आले 41. जवळून स्वच्छ दिसायला 150 तरी हवेत, म्हणजे सुमारे 2360 पिक्सेलची रुंदी. तुमच्या हातात आहेत 650. उरलेले पिक्सेल कुठलंही सॉफ्टवेअर खरे बनवून देत नाही. लॅपटॉपवर हे कळत नाही, कारण पूर्ण पोस्टर तळहाताएवढं करून बघितलं जातं. फ्लेक्स हातात आलं की कळतं, आणि तेव्हा स्पर्धा दुसऱ्या दिवशी असते.

पायथन किंवा 'आर' या भाषांत कोड लिहून ग्राफ काढणाऱ्यांनाही हेच वाक्य लागू. पायथनमध्ये फिगसाइज, म्हणजे ग्राफचं माप, इंचात असतो, तिथे 15.7 बाय 9.8 द्या, फॉन्ट 24 द्या, डीपीआय, म्हणजे इंचाला पिक्सेल, 300 ठेवा, आणि स्लाइडवर टाकल्यावर ओढू नका. आधी छोटा काढून नंतर ताणला की रेषा, ठिपके, अक्षरं सगळ्यांचं प्रमाण बिघडतं. पॉवरपॉइंट फाइल सेव्ह करताना चित्रं आपणहून दाबतं, म्हणजे त्यांचे पिक्सेल कमी करतं, म्हणून ऑप्शन्स, ॲडव्हान्स्ड, इमेज साइजमध्ये जाऊन 'डू नॉट कॉम्प्रेस'वर खूण करा. हे चित्रं टाकण्याआधी. एकदा दाबलेलं चित्र परत येत नाही.

सूक्ष्मदर्शकाचे फोटो लावणाऱ्यांनो, खाली 400एक्स, म्हणजे 400 पट, असं लिहू नका. फोटो मोठा केला की तो आकडा चुकीचा ठरतो. फोटोच्या आतच मापपट्टी ठेवा, ती फोटोबरोबर वाढते.

[स्क्रीनवर: दोन ग्राफ शेजारी शेजारी]

मापात बसलेला ग्राफसुद्धा मुका असू शकतो. समजा, गावातल्या 12 विहिरींच्या पाण्यात नायट्रेट मोजलंय. डावीकडच्या ग्राफवर लिहिलंय 'नायट्रेटचे प्रमाण'. उजवीकडे लिहिलंय 'पावसाळ्यानंतर 12पैकी 7 विहिरींत नायट्रेट मर्यादेपेक्षा जास्त', आणि 45 मिलिग्रॅम प्रति लिटरवर एक लाल रेषा आडवी मारलीय, कारण पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात नायट्रेटची मर्यादा तीच आहे. उजवीकडचा ग्राफ तुम्ही बोलायच्या आधीच बोलतो. कोपऱ्यातली रंगांची सूची काढून टाका, 'पावसाळ्याआधी', 'पावसाळ्यानंतर' हे शब्द खांबांशेजारीच लिहा. 3डी खांब तर नकोतच, त्यांचं टोक नेमकं कुठल्या आकड्यावर आहे ते कळत नाही.

इथे मानसशास्त्राचे संशोधक माइक मॉरिसन यांच्या 2019च्या 'बेटर पोस्टर' या मांडणीबद्दल बोलायला हवं, कारण ते कसं करायचं हे तुम्ही सारखं विचारता. मधोमध एक मोठं वाक्य, कडेला थोडा तपशील, क्यूआर कोड. शेकडो पोस्टरांच्या हॉलमध्ये लोक चालत जातात तिथे ही मांडणी छान आहे. पण स्पर्धेत परीक्षक तुमच्यासमोर थांबणारच असतात, आणि त्यांना नमुने किती, पद्धत कोणती, चाचणी कोणती हे विचारायचं असतं. म्हणून त्यातून एवढंच घ्या की निष्कर्ष मोठ्या अक्षरात वर यावा. पद्धत पोस्टरवर राहू द्या.

छपाईआधी एक चाचणी, पाच रुपयांत. पूर्ण पोस्टर एका ए-फोर कागदावर छापा आणि हातभर अंतरावर धरा. ए-झीरोच्या लांबी-रुंदीचा बरोबर चौथा हिस्सा म्हणजे ए-फोर, त्यामुळे 40 सेंटीमीटरवरून हा कागद जसा दिसतो तसंच पोस्टर 1.6 मीटरवरून दिसेल. मीटरभराच्या चौरसाला हीच चाचणी जरा कडक पडते, ते चांगलंच. ग्राफचे आकडे वाचायला कागद जवळ ओढावा लागला, तर ग्राफ परत करा.

आता फ्लेक्सचं दुकान. फाइल व्हॉट्सॲपवर फोटो म्हणून पाठवली तर ती दाबली जाते, म्हणून पीडीएफ डॉक्युमेंट म्हणून पाठवा, नाहीतर पेन ड्राइव्ह न्या. दुकानात ती बहुधा कोरलड्रॉ या डिझाइनच्या सॉफ्टवेअरमध्ये उघडतात, आणि तिथे मराठी फुटतं: वेलांटी भलतीकडे, रफार सुटा, जोडाक्षराचे तुकडे. इम्पोर्ट करताना 'टेक्स्ट ॲज कर्व्ह्ज' निवडायला सांगा, म्हणजे अक्षरं चित्रासारखी आकार म्हणून येतात, आणि सोबत पूर्ण पोस्टरची 150 डीपीआयची पीएनजी ठेवा. प्रिंट सोडण्याआधी त्यांच्या स्क्रीनवर स्वतः वाचा. म्यू, बीटा, अंशाचं चिन्ह यांच्या जागी चौकोन आलेत का बघा. मीटर म्हणजे 3.28 फूट, त्यामुळे 4 फुटी रोल लागू शकतो आणि पैसे त्या हिशोबाने लागतात. आधी विचारून घ्या. चकचकीत लॅमिनेशन नको, ट्यूबलाइटचा पट्टा नेमका ग्राफवर चमकतो.

आणि घडी घालू नका. गुंडाळा, तेही छापलेली बाजू बाहेर ठेवून. मग बोर्डावर लावलं की कडा भिंतीकडे वळतात, तुमच्याकडे उलटत नाहीत.