परशाला कोणी सांगायचं?

मागं बसलेल्यांना ऐकू येतंय ना? बरं.

'श्वास' या सिनेमाबद्दल बोलायचं म्हटलं की लोक आधी ऑस्करचंच काढतात. 2004 साली भारतातर्फे अधिकृत एन्ट्री गेली, नॉमिनेशन काही मिळालं नाही, पैसे उभे करायला केवढी धावपळ झाली वगैरे वगैरे. त्या गडबडीत सिनेमा बाजूलाच राहिला. आणि दुसरं ठरलेलं वाक्य, "फार रडवतो हो". रडवतो की, पण मला तो रडण्याचा सिनेमा वाटतच नाही, मला तो सांगण्याचा सिनेमा वाटतो, म्हणजे सांगायचं कोणी आणि कसं याचा.

गोष्ट एवढीशी आहे. कोकणातला आजोबा, अरुण नलावडे, परशा नावाच्या नातवाला घेऊन शहरातल्या हॉस्पिटलात येतो. परशाला डोळ्यांचा कॅन्सर निघतो, रेटिनोब्लास्टोमा. हा बहुतेक पाच वर्षांच्या आतल्या पोरांना होतो, साधारण 15 ते 20 हजार जन्मांमागे एकाला. फ्लॅश मारून फोटो काढला की बाहुलीत पांढरं चमकतं, कित्येक आईबापांना पहिली शंका तिथेच येते. लवकर सापडला तर जीव वाचतो, पुष्कळदा डोळाही वाचतो, पण उशीर झाला की तो डोळ्याच्या नसेतून मेंदूकडे सरकतो आणि मग हातात काही राहत नाही. परशाच्या बाबतीत दोन्ही डोळे काढायचे नाहीतर पोर जाणार. आता यात आजोबाने निवडायचं तरी काय?

पण डॉक्टर म्हणतो, ऑपरेशनच्या आधी मुलाला सांगितलं पाहिजे. आणि इथे सगळे अडकतात. मरणाबद्दल, आजाराबद्दल पोरांशी बोलायची आपल्याला सवयच नाही हो. मी दहा वर्षांचा असताना शेजारचा माझ्याएवढा मुलगा आजारी पडला, नंतर घरात विचारलं तर म्हणे मामाकडे राहायला गेलाय. मी त्याच्या वाटणीच्या गोट्या वर्षभर डब्यात वेगळ्या ठेवल्या होत्या. मला कोणीच काही सांगितलं नाही, मीच हळूहळू समजून घेतलं, आणि समजलंय हे मीही घरात कोणाला सांगितलं नाही.

आजोबा काय करतो, तर ऑपरेशन पुढे ढकललं गेल्यावर पोराला घेऊन गुपचूप बाहेर पडतो आणि शहर दाखवत फिरतो. हॉस्पिटलात बोंबाबोंब, टीव्हीवाले धावतात (हा भाग मला लांबलाय असं वाटतं, असो), डॉक्टर भडकतो. पण शब्दात जे सांगायला जमत नव्हतं ते म्हाताऱ्याने पोराला बघायला लावून सांगितलं. संदीप सावंतांचा हा पहिलाच सिनेमा, आणि त्यांनी इथे कोणाच्या तोंडी भाषण दिलेलं नाही.

एक गंमत बघा. 1954 मध्ये 'श्यामची आई'ला राष्ट्रपतींचं सुवर्णपदक मिळालं, त्यानंतर मराठीला सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा मान मिळाला तो थेट 'श्वास'ला, मधे पन्नास वर्षं. तिथे पोरगं आईला गमावतं, इथे आजोबा नातवाच्या आंधळेपणाशी तडजोड करतो. आणि दोन्हीकडे पोराला मोठ्यांपेक्षा जास्त कळत असतं.

शेवटी काळा चष्मा लावून परशा होडीतून गावाला परत येतो. मागे एकदा आम्ही शाळेत हा सिनेमा दाखवला, तिथे चौथीतल्या एकाने सगळ्यांदेखत विचारलं, सर, त्याला आता काळोख दिसतो का काहीच दिसत नाही? दोन बाईंनी लगेच त्याला खाली बसवला, गप रे म्हणून. मी त्याला बाहेर गाठलं, म्हटलं, मला माहीत नाही रे, कोणाला तरी विचारून सांगतो. तो म्हणाला, मग परशालाच विचारा ना.